रास्पबेरी पाय 400: कॉलेजच्या अभ्यासाला कितपत कामाचा? (बरेच महिने वापरून)

पावसाळ्याच्या आधी घेतलेला, आता सेकंड सेम चालू आहे, म्हणजे बऱ्यापैकी रगडून झालाय. मी ऐरोलीला राहतो, बीएससी आयटी, पहिलं वर्ष. घरात लॅपटॉप एकच आणि तो ताईच्या वर्क फ्रॉम होमला लागतो म्हणून हा घेतला, मॉनिटर म्हणून हॉलमधला टीव्ही, त्यामुळे सिरियलच्या वेळात माझा अभ्यास बंद असतो हे आधीच सांगून ठेवतो.

दिसायला हा नुसता कीबोर्ड, पण अख्खा कम्प्युटर त्याच्या आतच आहे. 4 जीबी रॅम, 1.8 गिगाहर्ट्झचा चार कोअरवाला एआरएम प्रोसेसर, हार्ड डिस्क नाही, सगळं मायक्रो एसडी कार्डवर चालतं. फॅन नाही त्यामुळे आवाज शून्य.

आधी गैरसोयी. हेडफोनचा जॅक नाही, ब्लूटूथ किंवा यूएसबीवाला हेडफोन लागतो. घड्याळाची बॅटरी आत नाही, नेट नसलं की वेळ चुकीची दाखवतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लाइट गेली की हा पण गेला. जुलैमध्ये आमच्याकडे लाइटचा लपंडाव चालू असतो, एकदा अपडेट चालू असताना गेली आणि कार्ड करप्ट, मग ताईच्या मीटिंगा संपेपर्यंत थांबून तिच्या लॅपटॉपवरून सिस्टिम परत कार्डवर टाकली. असाइनमेंट पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचलो.

आता ज्याच्यासाठी हा घ्यावा ते, म्हणजे मागच्या 40 पिना, त्यांना दिवे वगैरे जोडून प्रोग्रॅमने चालवता येतात. नंबर सिस्टिमचा चॅप्टर (आकडे फक्त 0 आणि 1 मध्ये, म्हणजे बायनरीत लिहिणं) मी आधी नुसता दोनने भागत भागत वहीत सोडवायचो, उत्तर यायचं पण डोक्यात काही शिरायचं नाही. मग ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी) आठ एलईडी ओळीत लावले, प्रत्येकाला 330 ओहमचा रेझिस्टर, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत चार ओळींचा प्रोग्रॅम, दिलेला आकडा बायनरीत दाखवणारा, पेटलेला दिवा 1 आणि विझलेला 0. 65 टाकलं की डावीकडून दुसरा आणि शेवटचा दिवा पेटतो, म्हणजे 01000001, हाच कॅपिटल ए चा आस्की कोड (इंग्रजी अक्षरांना दिलेले ठरावीक आकडे). 255 ला आठही पेटतात आणि त्यात एक मिळवला की सगळे गप्प! पायथॉनला 256 नीट माहीत असतं हो, पण दिवे आठच, नववा बिट (बायनरीतला एक 0 किंवा 1) दाखवायला जागाच नाही. ओव्हरफ्लो म्हणजे काय हे मला तिथे कळलं. फक्त एक सांभाळा, या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, त्यांना चुकून 5 व्होल्ट दिलात तर बोर्ड उडू शकतो.

दुसरा एक प्रयोग करून बघाच. टर्मिनलमध्ये पायथॉन उघडून ‘ऐरोली’ची लांबी विचारली तर 5 येते, पण यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची आजची नेहमीची पद्धत) बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे गट, मोजले तर 15. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना-वेलांटी पण वेगळी मोजली जाते. भारतीय लिपींसाठीच्या जुन्या इस्की कोडमध्ये हेच एकेका बाइटमध्ये बसायचं, आणि युनिकोडमधली (सगळ्या लिपींचा आजचा एकच कोड) देवनागरीची मांडणी त्याच इस्कीवरून घेतलेली आहे.

हिस्टरीचं युनिट आम्हाला तक्ता पाठ करून संपवायला लावतात, पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी ट्रान्झिस्टर, झालं. मला त्याचा कंटाळाच होता, पण या मशीनचं खानदान शोधत गेलो आणि अडकलो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 1981 मध्ये बीबीसी मायक्रो काढला, तोही कीबोर्डमध्येच कम्प्युटर, मॉडेल बी ला रॅम 32 केबी. पायच्या मॉडेल ए, मॉडेल बी या नावांचं मूळ तिथलं. आपल्याकडे 1984 ला सरकारने शाळांत कम्प्युटर शिकवायला क्लास नावाची योजना काढली तेव्हा शाळांमध्ये हेच बीबीसी मायक्रो दिले होते. 4 जीबीला 32 केबीने भागा, बरोब्बर 2 चा 17 वा घात येतो, 1,31,072 पट.

पुढे एकॉर्नने स्वतःची एआरएम चिप केली, सोफी विल्सननी इन्स्ट्रक्शन सेट (चिपला कळणाऱ्या आज्ञांची यादी) लिहिला, स्टीव्ह फर्बरनी हार्डवेअर. एप्रिल 1985 मध्ये पहिली चिप आली, चालली पण, आणि फर्बर किती करंट खाते ते मोजायला गेले तर मीटर शून्यावर. बघतात तर चिपला पॉवरच जोडलेली नव्हती, बाकीच्या पिनांमधून जे थोडंफार झिरपत होतं त्याच्यावर ती चालत होती. तेच एआरएम घराणं आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. फॅन का लागत नाही हे मला हे वाचून कळलं, तक्ता पाठ करून नाही.

आणि आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने 1960 मध्ये टिफ्रॅक हा कम्प्युटर उभा केला (नेहरूंनी नाव 1962 ला दिलं), त्याची मेमरी 40 बिटांचे 2048 वर्ड, हिशोब केला तर फक्त 10 केबी, काकांचा एक गुड मॉर्निंग फोटो मावायचा नाही. आमच्या तक्त्यात त्याला एक ओळसुद्धा नाही, याचा जाम राग येतो.

घ्यावा का? व्हिडिओ एडिटिंग, गेम, ऑफिसचं काम यातलं काही डोक्यात असेल तर सेकंडहँड लॅपटॉप बघा. कम्प्युटर आतून कसा चालतो ते शिकायचं असेल तर बिनधास्त घ्या. डिसेंबर 2024 मध्ये 8 जीबीवाला पाय 500 पण आलाय, बजेट असेल तर तो. नुसता कीबोर्ड घेताय की पूर्ण किट ते दुकानात आधी विचारा, कारण 400 च्या नुसत्या कीबोर्डबरोबर चार्जर, माउस, कार्ड काही येत नाही आणि केबल मायक्रो एचडीएमआयची लागते, घरातली नेहमीची बसत नाही.