दाईसो की डोंकी?

टोकियोत स्वयंपाकघरासाठी झाकणाचा डबा हवा असेल, तर सरळ दाईसो हे स्वस्त वस्तूंचं दुकान गाठावं. बहुतेक वस्तू 100 येनच्या, कर धरून 110. दहा मिनिटांत बाहेर. हिशेब सोपा, गंमत कमी.

डोन किहोते ही दुकानांची साखळी, लोकांच्या तोंडी 'डोंकी', हे प्रकरणच वेगळं. 1989मध्ये टोकियोतल्याच फुचू भागात पहिलं दुकान निघालं. छतापर्यंत माल कोंबायचा, ही त्यांची मुद्दाम ठेवलेली रीत. नूडल्सशेजारी सुटकेस, पुढे अत्तरं, मध्येच डोक्यावर घालायचे सशाचे खोटे कान. हाताने रंगवलेल्या पाट्या आणि डोक्यात घुमत राहणारं दुकानाचं गाणं. थेट जत्राच, फक्त घासाघीस नाही! अनेक शाखा रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात, म्हणून जेवणानंतरच्या शतपावलीला मी तिकडेच वळतो. डबा मात्र दाईसोचाच.