एसव्हीएन सर्व्हर सिस्टिम सर्व्हिस म्हणून चालवला: आठ महिन्यांचा अनुभव

भोसरीत आमचं जिग-फिक्स्चर डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. नऊ जण, आणि सगळ्यांचं काम कॅडच्या ड्रॉइंगवर. दोघांनी एकच ड्रॉइंग एकाच वेळी बदललं, तर कोडसारखे ते बदल एकत्र करता येत नाहीत. एकाची मेहनत वाया जाते. म्हणून आम्ही सबव्हर्जनवर (एसव्हीएन, म्हणजे फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) आलो. फाइलला 'नीड्स-लॉक' लावलं की ती प्रत्येकाकडे रीड-ओन्ली उतरते आणि लॉक घेतल्यावरच बदलता येते. आमच्यासारख्यांना याचा फार मोठा आधार आहे.

आधी वर्षभर मी एसव्हीएनसर्व्ह (सबव्हर्जनचा सर्व्हर प्रोग्राम) टर्मिनलमधून हाताने सुरू करायचो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी मी पोचेपर्यंत सगळे थांबलेले. एकदा मी गावी होतो, तर अर्धा दिवस फोनवर कमांड सांगण्यात गेला. त्यानंतर डेबियन लिनक्सवर युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणारी फाइल) लिहिली आणि सर्व्हर सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली केला. मशीन जुनंच आहे, ४ जीबी रॅमचं. एसव्हीएनसर्व्ह इतका हलका आहे की तेवढ्यात आरामात चालतो.

पहिल्याच दिवशी अडलो. युनिटचा टाइप 'सिंपल' (सुरू केलेली प्रोसेस हीच सर्व्हिस) ठेवला होता आणि एसव्हीएनसर्व्हला डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) व्हायचा पर्याय दिला होता. मग तो स्वतःच मागे जातो, मूळ प्रोसेस संपते, सिस्टमडीला वाटतं काम झालं, आणि उरलेली प्रोसेसही तो बंद करतो. त्याच ओळीत 'फोरग्राउंड' (मागे न जाता पुढेच चालत राहा) जोडल्यावर सुरळीत झालं. शिवाय 'स्टार्ट' म्हणजे आत्तापुरतं, 'इनेबल' म्हणजे पुढच्या प्रत्येक बूटला. या दोन्ही कमांड लागतात.

खरी धडकी भरली ती पावसाळ्यात. वीज अचानक गेली, आली, मशीन आपोआप चालू झालं, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर 'रिपॉझिटरी सापडली नाही' असा संदेश. रिपॉझिटरी म्हणजे सगळ्या ड्रॉइंगचं कोठार. आमचे सगळ्यात ज्येष्ठ ड्राफ्ट्समन काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अरे, सगळी ड्रॉइंग गेली का?" त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. काही गेलं नव्हतं. रिपॉझिटरी दुसऱ्या डिस्कवर आहे आणि त्या डिस्कची तपासणी अजून चालू होती. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) तिला मीच 'नोफेल' लावलं होतं, म्हणजे बूट तिच्यासाठी थांबत नाही. सर्व्हिस वेळेवर सुरू झाली आणि रिकाम्या फोल्डरकडे बघत बसली. वीस मिनिटांनी डिस्क माउंट झाली, म्हणजे जोडली गेली, आणि रीस्टार्ट न करता सगळं परत दिसू लागलं. त्याच संध्याकाळी युनिटमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' आणि पुढे रिपॉझिटरीचा पाथ घातला. आता डिस्क येईपर्यंत सर्व्हिस सुरूच होत नाही. लोकांना 'कनेक्शन नाकारलं' दिसतं. मला हे जास्त बरं वाटतं, कारण त्यात ड्रॉइंग गेल्याची भीती नाही.

दुसरा त्रास फाइलींच्या मालकीचा, आणि तो सगळ्यात चिवट. पूर्वी मी सर्व्हर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवत होतो. सर्व्हिससाठी 'एसव्हीएन' नावाचा वेगळा, लॉगिन नसलेला युजर केला. जुन्या फाइलची मालकी बदलली, पण नंतर कधीतरी रूटनेच एक अॅडमिन कमांड चालवली आणि रेप-कॅशची फाइल रूटच्या नावावर तयार झाली. गंमत नव्हती ती: कमिट (बदल सर्व्हरवर नोंदवणं) होत होतं, रिव्हिजनचा आकडा पुढे जात होता, आणि सोबत 'रीड-ओन्ली डेटाबेसमध्ये लिहिण्याचा प्रयत्न' अशी सूचना. कमिट झालं म्हणून चार दिवस कुणी मला सांगितलंच नाही. ती फाइल फक्त जागा वाचवण्यासाठी असते, म्हणून नुकसान झालं नाही. आता रिपॉझिटरीला स्पर्श करणारी प्रत्येक कमांड मी त्या एसव्हीएन युजरच्या नावानेच चालवतो, बॅकअपसुद्धा. या कारणासाठीच एसएसएचमधून (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) जाणारा रस्ता उघडला नाही. तिथे प्रत्येक जण आपापल्या नावाने फाइलींत लिहितो. बाहेरून येणाऱ्यांना व्हीपीएन दिलं आहे.

सुरक्षेचं थोडक्यात: मुळात 'अॅनन-अॅक्सेस' पासवर्डशिवाय कुणालाही वाचण्यापुरता उघडा असतो, तो 'नन' करा. पासवर्डची फाइल साध्या मजकुरात असते, तेव्हा ती सर्व्हिसच्या युजरशिवाय कुणाला वाचता येऊ नये. एसव्हीएनसर्व्हचा पोर्ट ३६९० आमच्या ऑफिसच्या नेटवर्कबाहेर कधीच उघडत नाही, कारण साध्या जोडणीत ड्रॉइंग एन्क्रिप्ट न होताच जातात.

बॅकअप रात्री टायमरवर. 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं आहे, म्हणजे त्या वेळी वीज नसली तरी मशीन उठल्यावर राहिलेला बॅकअप होतो. डंपऐवजी (फक्त इतिहासाची निर्यात) हॉटकॉपी (चालू रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घेतो, कारण डंपमध्ये हुक (कमिटसारख्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि कॉन्फिगरेशन येत नाही. रविवारी 'व्हेरिफाय' (डेटा शाबूत आहे का याची तपासणी) चालतं.

मागच्या महिन्यात काकांना शेजारी बसवून हॉटकॉपीतून दुसऱ्या मशीनवर रिपॉझिटरी उभी केली. शेवटचा रिव्हिजन नंबर जुळला. काकांनी त्यांचं दोन वर्षांपूर्वीचं एक फिक्स्चर उघडून मापं स्वतः तपासली आणि मगच उठले.