शाश्वत सागरी आणि किनारी पर्यटनाची पदवी, बेळगावातून : दोन सेमिस्टर झाल्यावर

हा अभ्यासक्रम घ्यावा का, असं विचारणारी मुलंमुली आमच्या सीमाभागातही आता भेटू लागली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही. तक्रारी आहेत, आणि माझ्या परीक्षा अजून त्यांच्याच हातात आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचं विद्यापीठ, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, शनिवार-रविवार ऑनलाइन तास आणि दर सेमिस्टरला किनाऱ्यावर मुक्कामी क्षेत्रभेट, एवढं पुरे. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात आमचं गाड्या बुकिंगचं ऑफिस आहे. मालवण, गोवा, गोकर्ण-मुरुडेश्वर या सहलींवरच घर चालतं. वर्गात बाकी सगळे किनाऱ्यावरचे, घाटावरची मी एकटी.

फी भरली त्या दिवशी आत्यानं विचारलं होतं, "काय गे, आपल्याकडं समुद्र कुठं हाय?" प्रश्न रास्त होता. नोकरीच्या जाहिरातीत या पदवीचं नाव शोधाल तर क्वचितच सापडेल, हेही आधीच सांगून टाकते. माझं मत थोडक्यात असं, की हा अभ्यास किनाऱ्यावरच्यांपेक्षा आपल्यासारख्या घाटावरच्यांना जास्त लागतो, आणि नेमका घाट अभ्यासक्रमात नाही. पाचपैकी साडेतीन. दीड गुण का कापला ते पुढे येईलच.

पहिल्या सेमिस्टरचा अर्धा भाग कंटाळवाणा आहे. शाश्वत विकासाची व्याख्या देणाऱ्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालापासून सुरुवात, मग व्याख्या, मग त्या व्याख्यांवर कोणी काय टीका केली ते. बटलरचं १९८०चं पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचं मॉडेल मात्र नीट वाचा. आधी चार हौशी माणसं येतात, मग गावकरी खोल्या काढतात, मग बाहेरचा पैसा येतो, मग गर्दी टोकाला जाते आणि पुढे घसरण किंवा नवी उभारी. डॉक्सीनं १९७५मध्ये त्याचीच दुसरी बाजू मांडली होती. गावकरी पाहुण्यांना पाहून आधी हरखतात, मग त्यांना काहीच वाटेनासं होतं, मग वैताग, मग उघड वैर. आमचा ड्रायव्हर हे पुस्तकाशिवाय सांगतो : कुठल्या वाडीत गाडी लावायला पूर्वी जागा दाखवायचे आणि आता कुठं दगड ठेवतात.

फीचे पैसे वसूल झाले ते धारणक्षमतेच्या पेपरात. जागेला किती माणसं झेपतात याचं हे गणित सिफुएंतेस या अभ्यासकाच्या पद्धतीनं शिकवतात. समजा किनारा ५०० मीटर लांब आणि कोरडी वाळू २० मीटर रुंद आहे. माणशी १० चौरस मीटर धरले तर एका वेळी हजार माणसं. किनारा दहा तास खुला आणि माणूस दोन तास थांबतो म्हटलं तर दिवसाला पाच हजार. ही नुसती भौतिक क्षमता. त्यातून पाऊस, धूप, बंद दिवस यांचे घटक लावून आकडा खाली आणायचा, आणि शेवटी स्वच्छतागृहं किती, जीवरक्षक किती, कचरा उचलणारे हात किती, ते पाहून आणखी खाली. पण भरतीला तीच वाळू आठ मीटर उरली, तर हजाराचे चारशे होतात. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि आमची गाडी दर शनिवारी दुपारी तीनलाच तारकर्लीत पोचते! धंद्यात इतकी वर्षं असून भरतीचं कोष्टक पाहून सहल आखायचं कुणी सुचवलं नव्हतं. आता आखतो.

आमच्या गटानं देवबागचं गणित वाळूऐवजी विहिरीवरून मांडलं. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा पट्टीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं, कारण ते हलकं. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. याचा उलटा अर्थ भयंकर आहे. पंप लावून वरची पातळी फूटभर उतरवली, तर कालांतरानं खालून चाळीस फूट खारं पाणी वर सरकतं. म्हणजे किनाऱ्यावर माणसं मावतात की नाही हा प्रश्न नंतरचा. शॉवर, स्विमिंग पूल आणि चादरी धुण्याला विहीर पुरते का हा आधीचा. गटात देवबागचाच एक मुलगा होता, त्याच्या घरी निवास-न्याहारी चालते. मे महिन्यात पाण्याची चव कशी बदलते ते त्याला ठाऊक होतं, त्यामागचं कारण वर्गात कळलं. त्यानं तिथल्या तिथं आईला फोन लावला.

कायद्याचा पेपर रुक्ष, पण धंद्यातल्या माणसानं सोडू नये. किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिली १९९१ची, मग २०११, मग २०१९. ग्रामीण किनाऱ्यात पूर्वी भरतीरेषेपासून २०० मीटर विकासबंदी होती. २०१९नंतर दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथं, अटींसह ती ५० मीटरवर आली; विरळ वस्तीत २००च राहिली. स्थानिकांना आपल्या जुन्या घरात, जोतं आणि दर्शनी रूप न बदलता, पाहुणे ठेवायची मुभा आहे. गेल्या हंगामात एका नव्या 'सी टच' रिसॉर्टवाल्यानं आमच्याशी वर्षभराचं कंत्राट करायला कागद पाठवले, तेव्हा मी भरतीरेषेचा नकाशा मागितला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

इथं सीमाभागातल्या मुलांना एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. कारवारच्या क्षेत्रभेटीत पंचायतीचे कागद कन्नडमध्ये, लोकांचं बोलणं कोकणी आणि मराठी, आणि आमच्या सरांच्या प्रश्नावल्या इंग्रजीत. वर्गातले सिंधुदुर्गचे लोक कागदापाशी अडायचे, उत्तर कन्नड जिल्ह्यातले लोक मालवणात सातबारा पाहून अडायचे. मला दोन्ही उतारे वाचता येतात, कारण आपल्याकडं त्याशिवाय जमिनीचं कुठलंच काम होत नाही. लहानपणापासून ज्याचा जाच वाटला, ते तिथं कामाला आलं. उत्तरपत्रिका मात्र इंग्रजीतच लिहायची आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिले दोन महिने जड जाणार हे धरून चाला.

दुसऱ्या सेमिस्टरला ब्लू फ्लॅग आला. स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना डेन्मार्कमधली संस्था हा झेंडा देते, ३३ निकष असतात : पाण्याची शुद्धता, माहिती आणि शिक्षण, व्यवस्थापन, सुरक्षा आणि सोयी. २०२०मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना तो मिळाला, त्यात कर्नाटकातले दोन, होन्नावरजवळचं कासरकोड आणि उडुपीकडचं पडुबिद्री. आम्ही कासरकोडला गेलो. किनारा खरंच स्वच्छ आहे, कपडे बदलायच्या खोल्या चांगल्या आहेत, बायकांना घेऊन जाणाऱ्या सहलीला त्याचं मोल कळतं. पण त्याच कासरकोडच्या टोंका भागात मच्छीमार खाजगी बंदराविरुद्ध वर्षानुवर्षं झगडताहेत, आणि त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. निकषांच्या यादीत झेंड्याखालची वाळू मोजली जाते. शेजारच्या वाळूवर होड्या कोण ओढतं आणि उद्या ओढू शकेल का, याला त्यात फारशी जागा नाही. हे वर्गात बोलायला आम्हाला वेळ मिळाला तो चहाच्या सुट्टीत. पहिला अर्धा गुण इथं कापला.

मालवणची क्षेत्रभेट जास्त चांगली झाली. मालवण सागरी अभयारण्य १९८७चं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती. मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध, कारण मासेमारीवर गदा येईल ही भीती. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लावणाऱ्या एका काकांनी आमच्या सरांनाच विचारलं, "जाळां टाकूक नको म्हणतास, मग पाण्यात माणसां सोडूक कशी चलतत?" सर पुस्तकी उत्तर देत राहिले. काकांचा रोख स्कूबावर, म्हणजे पर्यटकांना पाण्याखाली उतरवण्यावर होता, आणि मुद्दा खोटा नाहीच. प्रवाळावर पाय टेकू नये, फोटोसाठी माशांना खाऊ टाकू नये, या साध्या गोष्टी ग्रीन फिन्ससारख्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत २००४पासून आहेत. पण गिऱ्हाइकाला व्हिडिओत मासे हवे असतात, आणि ते गिऱ्हाईक पुष्कळदा आम्हीच इकडून पाठवलेलं असतं.

डॉल्फिनच्या फेऱ्यांचंही तेच. होडीनं बाजूनं हळू जावं, कळपाच्या वाटेत आडवं येऊ नये, पाठलाग करू नये, असं शिकले आणि ज्या दोन होडीवाल्यांशी आमचं जमतं त्यांना सांगितलं. त्यांना हे आधीपासून माहीत होतं. "ताई, तुमचीच माणसं ओरडतात, पैसे दिलेत, जवळ घ्या की!" म्हणून आता सूचना गाडीतच होते, आंबोली उतरताना, मालवणात पोचायच्या आधी. काही जण ऐकतात. एका ग्रुपनं त्याबद्दल आम्हाला कमी स्टार दिले, तेही नमूद करते.

उरलेल्या एका गुणाची गोष्ट घाटाची आहे. अभ्यासक्रमात किनारा म्हणजे भरतीरेषेच्या अलीकडची-पलीकडची पट्टी. पर्यटक तिथं 'येतो', कुठून ते कुणी विचारत नाही. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २०१८मध्ये सहा महिने बंद ठेवलं, थायलंडची माया बे २०१८ ते २०२२ बंद होती, हे आम्ही तपशिलात शिकलो, आणि शिकण्यासारखंच आहे. पण कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रावरच्या स्लाइड संपत नाहीत आणि बेळगावहून गोव्यात उतरणारा चोर्ला घाट एकदाही येत नाही. शनिवारी सकाळी बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडून जेवढ्या गाड्या आंबोली आणि चोर्ल्यातून खाली उतरतात, तेवढ्यावर तिकडची कितीतरी गावं सोमवारपर्यंतचा हिशोब मांडतात. तो लोंढा दोन दिवसांत न जाता पाच दिवसांत पसरवता आला, तर धारणक्षमतेचं निम्मं गणित इथंच सुटतं. ते करणारी माणसं म्हणजे आमच्यासारखे बुकिंगवाले, शाळांच्या सहली काढणारे मास्तर आणि कंपन्यांचे एचआर.

आणि नदी. पणजीत कॅसिनोची जहाजं ज्या मांडवीत उभी असतात ती आमच्या खानापूर तालुक्यातली म्हादई. देगावच्या बाजूला उगम, भीमगडच्या जंगलातून खाली. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा उलट पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे आमच्या एकाच तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. म्हादईच्या वाटपावर लवाद नेमला गेला, २०१८मध्ये त्याचा निवाडा आला, भांडण संपलेलं नाही. राजकारण बाजूला ठेवू. नदीचं गोडं पाणी कमी झालं की खाडीतला खारेपणा वाढतो, माशांची वीण बदलते. नदीतली वाळू वर अडली किंवा उपसली की किनाऱ्याला नवी वाळू कमी मिळते आणि धूप वाढते. हे दोन-तीन तास तरी शिकवायला हवं होतं. तासाला विचारलं तर उत्तर आलं, "तो जलव्यवस्थापनाचा विषय."

बाकी तक्रारी नेहमीच्या : गुण उशिरा लागतात, डायव्हिंगच्या प्रात्यक्षिकाचे पैसे फीत धरलेले नव्हते, ते आयत्या वेळी कळलं, क्षेत्रभेटींचा खर्च फीच्या जवळजवळ निम्मा गेला. एक भेट जूनमध्ये ठेवली होती. जून-जुलै मासेमारीबंदी, पावसात जलक्रीडाही बंद, म्हणजे पाहायचं ते काहीच चालू नव्हतं. तरी त्या भेटीत बोटी शाकारलेल्या, जाळी शिवणारी माणसं निवांत, त्यामुळं बोलणं भरपूर झालं.

कुणी घ्यावा? ज्यांचा एक पाय आधीच धंद्यात आहे : होमस्टे, गाड्या, गाईड, पंचायतीचं काम. बारावीनंतर नुसती पदवी केली आणि आता नोकरी हवी, अशांनी आधी साधं पर्यटन व्यवस्थापन पाहावं. प्रवेशाआधी क्षेत्रभेटी कुठल्या महिन्यात, त्यांचा खर्च कुणाचा आणि मान्यतेचे कागद काय, हे तिन्ही लेखी मागा. कर्नाटकातल्या विद्यापीठाची पदवी असेल तर मायग्रेशनचा दाखला आधीच काढून ठेवा.

तिसऱ्या सेमिस्टरला प्रबंध आहे. माझा विषय, शनिवारी घाट उतरणाऱ्या गाड्या आणि त्यांचा किनाऱ्यावरचा भार. मार्गदर्शक आधी म्हणाले की हा किनारी पर्यटनाचा विषय होत नाही. आता मान्य केलाय, पण किनाऱ्यावरचं एक गाव जोडायच्या अटीवर. गाव देवबाग ठरलं. गाड्या मोजायला आंबोलीकडं माणूस मिळाला आहे, चोर्ल्याच्या बाजूला नाही. कणकुंबी-जांबोटीकडचं कुणी दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी सहा ते अकरा बसायला तयार असेल तर सांगा, नाष्टा आणि भत्ता आमच्याकडून.