क्रीडा संकुलांचे स्लॉट बुकिंग: स्क्रीनवर हाउसफुल्ल, पाण्यात मोजकीच डोकी

कोविडच्या निर्बंधांत सार्वजनिक जलतरण तलाव, जिम आणि हॉल पुन्हा उघडले ते स्लॉट बुकिंगच्या बळावर. माणसे मोजून आत सोडायची, प्रत्येकाचे नाव आणि नंबर हाताशी ठेवायचा आणि दोन बॅचच्या मध्ये पुसापुशी उरकायची, एवढेच तेव्हा त्याचे काम होते. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, पण बुकिंग जिथल्या तिथेच राहिले. हा आढावा कुठल्या एका कंपनीच्या उत्पादनाचा नाही. अ‍ॅप, काउंटरवरचा स्क्रीन, गेटवरचा स्कॅनर आणि व्यवस्थापकाचा अहवाल हे चार भाग अशा बहुतेक प्रणालींत असतात, त्यांचा आहे.

चांगले आधी सांगून टाकू. पैसे भरणे सोपे झाले, वेळापत्रक घरबसल्या दिसते आणि तलाव अचानक बंद ठेवावा लागला तर सगळ्यांना एका वेळी मेसेज जातो. या बाबतीत तक्रारीला जागा नाही. अडचण सुरू होते ती सेटिंगमध्ये.

पहिले घर क्षमतेचे. 25 मीटर लांब आणि 12.5 मीटर रुंद तलावाचे क्षेत्रफळ 312.5 चौरस मीटर. माणशी 3 चौरस मीटर धरले तर 104 जण मावतात. निर्बंधांच्या काळात माणशी दुप्पट जागा धरली असेल तर आकडा 52 वर येतो, आणि तोच 52 आजही सिस्टीममध्ये पडून असू शकतो. उलट, नुसता 104 टाकणेही चूक. गाळणीचा हिशेब वेगळा असतो: पंप ताशी जितके घनमीटर पाणी फिरवतो त्याला 1.7 ने भागले की किती पोहणाऱ्यांची घाण ती गाळणी निस्तरू शकते याचा अंदाज येतो. सरासरी दीड मीटर खोलीच्या या तलावात साधारण 469 घनमीटर पाणी असते. ते 3 तासांत एकदा फिरत असेल तर 92 जण चालतात. वीज वाचवायला पंप मंद करून तोच फेरा 4 तासांवर नेला असेल तर 69 च. यापेक्षा जास्त माणसे सोडली की घाम आणि लघवीशी संयोग पावलेले क्लोरीन साठत जाते, डोळे चुरचुरतात. लोक ज्याला ‘क्लोरीनचा वास’ म्हणतात तो याचाच, आणि तो जितका उग्र तितकी निगा कमी पडते आहे असे समजावे. तिसरा आकडा ड्युटीवरच्या जीवरक्षकांचा. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा क्षमतेच्या रकान्यात जायला हवा, आणि जीवरक्षक कमी-जास्त होतील तसा तो त्या त्या शिफ्टला बदलता यायला हवा. ज्या प्रणालीत क्षमता अख्ख्या महिन्यासाठी एकदाच भरावी लागते, ती तलावासाठी घेऊ नये.

दुसरे घर मधल्या रिकाम्या वेळेचे. 45 मिनिटांचा स्लॉट आणि 15 मिनिटांची सफाई, ही जोडी निर्बंधांतली. 14 तास चालणाऱ्या तलावात तिच्यापायी रोज साडेतीन तास पाणी रिकामे राहते. तलावाला ठोक बॅच लागतेच असे नाही. बुकिंग फक्त आत येण्याच्या वेळेचे ठेवावे, दर 15 मिनिटांना ठरावीक जणांना प्रवेश द्यावा आणि निघण्याची वेळ ज्याची त्याच्यावर सोडावी. शॉवर आणि चेंजिंग रूमवरची झुंबडही त्याने विरते. मात्र आत एकूण किती जण आहेत हे गेटने मोजले पाहिजे. बाहेर पडणाऱ्याची नोंद होत नसेल तर हा प्रकार चालत नाही.

खरा घोळ दांडीचा. समजा योगवर्गाला 20 जागा आहेत, 18 जणांनी नोंदणी केली, 11 आले. अहवालात लिहून येते: 90 टक्के भरलेला. खरी हजेरी 55 टक्के. नवा माणूस अ‍ॅप उघडतो, त्याला दोनच जागा दिसतात, पुढच्या वेळी तर ‘फुल्ल’ दिसते, आणि तो नाद सोडतो. महामारीत सवय तुटलेली माणसे परत यायची तर पहिली खेप बिनकटकटीची झाली पाहिजे. इथे तीच अडते.

दांडी का पडते? बुकिंग फुकट किंवा पासात धरलेले असते, सात दिवस आधी मध्यरात्री उघडते, म्हणून लोक जागा अडवून ठेवतात. रद्द करण्याचे बटण तीन पडदे आत दडलेले असते. रद्द करायची मुदतही 24 तासांची. त्यानंतर रद्द करा किंवा करू नका, दंड सारखाच, मग कोण तसदी घेतो? मुदत 2 तासांवर आणावी, आणि आदल्या संध्याकाळी जाणाऱ्या आठवणीच्या मेसेजमध्येच ‘येत नाही’ अशी लिंक द्यावी. जागा एकदम सोडू नयेत. 30 असतील तर 15 आठवडाभर आधी, 9 आदल्या दिवशी आणि 6 दारावर येणाऱ्यांसाठी, अशी विभागणी चालते. दारावरचा वाटा अ‍ॅपला दिसता कामा नये, नाहीतर तोही आधीच उडतो.

दंड लावण्याआधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच ठिकाणी गेटची प्रणाली एका कंपनीची, बुकिंग दुसरीची. सभासद कार्ड दाखवून आत जातो, दार उघडते, पण बुकिंगमध्ये हजेरी लागत नाही. वर्ग पूर्ण करून घरी पोचलेल्या माणसाला ‘आपण गैरहजर राहिलात’ असा मेसेज जातो. तिसऱ्यांदा असा मेसेज आला की खाते आठवडाभर गोठते. नियमित येणारी माणसे तोडायचा याहून खात्रीचा उपाय नाही. डेमोच्या वेळी विक्रेत्याला एकच काम सांगावे: कार्डाने गेट उघडून दाखवा आणि त्याच मिनिटाला वर्गाच्या यादीत हजेरी लागलेली दाखवा.

वेटिंग लिस्टचेही तसेच. जागा रिकामी होताच पुढच्याला आपोआप आत घेण्याची सोय दिसायला छान, पण रात्री साडेअकराला नंबर लागला आणि वर्ग सकाळी सहाचा असेल तर त्या माणसाला उठल्यावरच कळते. त्याचीही दांडी मग हिशेबात जमा. वर्गाला 12 तास उरेपर्यंत आपोआप, त्यानंतर वेटिंगवरच्या सगळ्यांना मेसेज आणि जो आधी होकार देईल त्याला जागा, हा नियम बरा. असा बदलता नियम ठेवता येत नसेल तर रात्रीची आपोआप नोंदणी बंद ठेवावी.

जागा वाढवून विकणे, म्हणजे 20 च्या वर्गाला 23 जण घेणे, जमिनीवरच्या वर्गात चालून जाते, तेही हॉलमध्ये 23 जण खरोखर मावत असतील तरच. तलावात नाही, आणि बॅडमिंटन कोर्टवर तर मुळीच नाही.

क्लबच्या राखीव वेळांकडे या प्रणाली ढुंकूनही पाहत नाहीत. संध्याकाळी 6 ते 8 हॉल वर्षभर एका क्लबच्या नावावर असतो. पूर्वी 30 खेळाडू यायचे, आता 9 येतात. सिस्टीमच्या लेखी हॉल भरलेला. एकदम काढून घेतला तर बिनपगारी राबणारे प्रशिक्षक आणि कार्यकर्तेही जातात, आणि लोकांना ओळखीने खेचून आणणारे तेच असतात. 14 दिवस आधी परत केलेल्या तारखेचे भाडे माफ करावे आणि अर्धा हॉल देण्याचा पर्याय ठेवावा. त्यासाठी ‘हॉल’ हे एकच साधन न ठेवता दोन अर्ध्या भागांत नोंदवता यायला हवे. खरेदीपूर्वी हे विचारायचे बहुतेकांच्या डोक्यात येत नाही.

कुटुंबांसाठी गुण कमीच. प्रत्येक मुलाला वेगळा ई-मेल मागणारे अ‍ॅप आई-वडिलांना पहिल्याच पानावर पळवून लावते. अपंग व्यक्तीच्या सोबत्याला पूर्ण तिकीट लावणारी प्रणालीही दिसते. ‘सोबती, शुल्क शून्य’ असा प्रकार नोंदवता आलाच पाहिजे, आणि त्याने क्षमतेतली जागा खाल्लेली दिसली पाहिजे. ज्येष्ठांसाठी फोन आणि काउंटर चालू ठेवावेत, मात्र त्यांची नोंद त्याच यादीत व्हावी. काउंटरवर वेगळी वही ठेवली की एकाच जागेवर दोघे हक्क सांगतात.

अहवालात बुकिंगचा एकूण आकडा पाहून खूश होऊ नये. महिन्यात 400 बुकिंग म्हणजे तीच ती 90 माणसे असू शकतात. वेगवेगळी माणसे किती आली, आणि पहिल्यांदा आलेल्यांपैकी 28 दिवसांत परत किती आले, हे दोन आकडे मागावेत. दुसऱ्या आकड्यात न दिसलेल्यांना काउंटरवरून फोन करावा, त्यात वेळ गैरसोयीची की वर्ग जड गेला एवढेच विचारावे. घरून काम करणारे दुपारी मोकळे असतात आणि 2019 चे वेळापत्रक तसेच चिकटवले तर ते गळतात, हे अशाच फोनांतून कळते. नवख्यांची बॅच 8 ते 12 जणांची, एकच प्रशिक्षक आणि 12 आठवडे तीच वेळ ठेवली की ओळखी होतात. त्यासाठी प्रणालीत 12 वर्गांची एकत्र नोंदणी आणि चुकलेल्या एखाद्या वर्गाची जागा तेवढ्या दिवसापुरती सोडण्याची सोय हवी. बहुतेकांत यातली एकच असते.

करार करताना मासिक दरावर घासाघीस होते, पण सोडताना काय मिळणार हे कोणी विचारत नाही. सभासद, शिल्लक पास, हजेरी आणि वैद्यकीय टिपा दुसऱ्या प्रणालीतही उघडता येतील अशा फाइलमध्ये, जादा पैसे न घेता, किती दिवसांत परत देणार हे लेखी घ्यावे.