फळे उन्हाने भाजू नयेत म्हणून: केओलीन की शेडनेट?

सफरचंदाच्या सालीचे तापमान साधारण 46 ते 49 अंश सेल्सिअसवर गेले की उन्हाकडची बाजू तपकिरी पडते. 52 च्या आसपास साल मरतेच.

केओलीन म्हणजे पांढऱ्या मातीची बारीक भुकटी; तिचा फळावर बसलेला पांढरा थर ऊन परतवतो. लिटरमागे 50 ग्रॅम घ्या आणि द्रावण सतत ढवळा, नाहीतर भुकटी तळाशी बसून नोझल चोंदतो. फवारणी उष्णतेच्या लाटेआधीच हवी, कारण भाजलेली साल पुन्हा सावरत नाही. फळ फुगते तसा थर विरळ होतो, पाऊस तो धुऊन नेतो; म्हणून 10-15 दिवसांनी पुन्हा फवारा. देठाच्या खळग्यातली पूड काढणे मात्र कटकटीचे.

शेडनेटचा, म्हणजे बागेवर ताणायच्या सावलीच्या जाळीचा, खर्च मोठा, पण गारपिटीपासूनही बचाव होतो, त्यामुळे कायमच्या बागेला तीच बरी. सावली 20 टक्क्यांच्या आसपास ठेवा. दाट जाळीखाली रंग भरत नाही. भर उन्हात ती एकदम काढू नका, सावलीला सरावलेली फळे लगेच भाजतात.