टॉन्सिलची शस्त्रक्रिया उत्तम, घरी सोडतानाच्या सूचना मात्र अपुऱ्या

गेल्या वर्षभरात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल सात वेळा सुजले आणि प्रत्येक वेळी ताप, अँटिबायोटिक्स आणि शाळेला दांडी हे ठरलेलेच होते. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवाळीच्या सुट्टीत सांगलीतील एका कान-नाक-घसा रुग्णालयात ते काढून घेतले. शस्त्रक्रियेबद्दल तक्रारीला जागा नाही. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी स्वतः मुलाशी बोलून त्याची भीती घालवली, पूर्ण भूल देऊन पाऊण तासात काम झाले आणि एक रात्र ठेवून घेऊन आम्हाला घरी सोडले.

खरी परीक्षा त्यानंतरच्या दोन आठवड्यांची असते आणि तिथे हे रुग्णालय कमी पडले. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वेळा आणि ‘मऊ व थंड आहार’ एवढेच लिहिले होते.

तिसऱ्या दिवशी मी बॅटरीच्या उजेडात मुलाचा घसा पाहिला, तर दोन्ही बाजूंना दह्याची कवडी चिकटावी तसा पांढुरका थर, सुजलेली पडजीभ आणि तोंडाला उग्र वास. जखमेत पू झाला असे समजून मी घाबरून फोन केला. वॉर्डातील सिस्टरनी तो उचलला आणि शांतपणे समजावले, “ताई, हा पू नाही, ही खपलीच आहे. गुडघ्यावरची खपली वाळून काळी होते, तोंडात ओल असते म्हणून ती पांढरी आणि मऊ राहते.” टॉन्सिलच्या जागी बहुधा टाके घालत नाहीत, जखम उघडीच ठेवतात, त्या थराखाली नवे आवरण तयार होते आणि वासही त्या थराचाच असतो, हे मला त्या दिवशी कळले. मुलगा कान दुखतो म्हणून रडत होता, त्याचेही कारण त्यांनीच सांगितले: घसा आणि कान यांच्या संवेदना एकाच नसेतून जातात, त्यामुळे कान निरोगी असूनही घशाची कळ कानात उमटते. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

आमच्या सासूबाईंचा हळदीच्या गुळण्यांचा आग्रह होता, आणि हळदीच्या पेठेच्या गावात तो स्वाभाविकच आहे, परंतु जोरात गुळण्या केल्यास खपली अवेळी निघू शकते म्हणून सिस्टरनी त्या करू दिल्या नाहीत. दुखते म्हणून मुलगा गिळायलाच तयार नव्हता. घसा कोरडा पडला की दुखणे वाढते, म्हणून वेदनाशामक औषध दिल्यावर अर्ध्या तासाने घोट घोट पाणी, गार दूध, पेज आणि कालवलेला मऊ दहीभात, असा क्रम आम्ही बसवला. लिंबू-संत्र्याचा रस झोंबतो म्हणून वर्ज्य आणि लाल सरबत दिल्यास थुंकीतले रक्त ओळखता येत नाही म्हणून तेही बंद.

सातव्या रात्री उशीवर रक्ताचा डाग दिसला. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांत खपली सुटू लागते, दुखणे पुन्हा वाढू शकते आणि रक्तस्रावाचा धोकाही याच काळात असतो. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. कार्डावरचा क्रमांक केवळ ओपीडीच्या वेळेत लागतो, त्यामुळे त्या रात्री तो कोणीही उचलला नाही आणि आम्ही मुलाला घेऊन थेट रुग्णालय गाठले. तिथे मात्र ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी क्षणाचाही विलंब न लावता तपासले आणि रक्त आपोआप थांबल्याची खात्री होईपर्यंत पहाटेपर्यंत देखरेखीखाली ठेवले. थुंकीत एखादी रेघ दिसली तरी कळवायचे आणि ताजे लाल रक्त येत राहिले तर घरी न थांबता निघायचे, हे त्यांनी तेव्हा बजावून सांगितले.

पंधराव्या दिवशीच्या तपासणीत दोन्ही खड्डे गुलाबी दिसत होते. आवरण पूर्ण भरायला तीन-चार आठवडे लागू शकतात, म्हणून भडंगासारखे टोचणारे आणि तिखट पदार्थ आणखी काही दिवस लांबच ठेवायला सांगितले.

शस्त्रक्रियेसाठी मी हे रुग्णालय निःसंकोच सुचवेन. मात्र कार्डावर पांढऱ्या थराचा, कानदुखीचा, पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या धोक्याचा उल्लेख आणि रात्री उचलला जाणारा एक फोन क्रमांक छापावा, अशी लेखी सूचना मी तिथे दिली आहे. तोवर तिथे जाणाऱ्या पालकांनी घरी निघण्यापूर्वी वॉर्डातील सिस्टरना गाठून या चारही गोष्टी विचारून घ्याव्यात.