एपीआय की ठेवायची कुठे? डॉट-ईएनव्ही, की-चेन, पास आणि सॉप्स

टर्मिनलवर काम करता करता दहा-बारा एपीआय की, म्हणजे प्रोग्रामने ऑनलाइन सेवा वापरायचे गुप्त पासवर्ड, सहज जमतात. त्या कुठे ठेवायच्या हे ठरवताना मी दोन गोष्टी बघतो. ती डिस्कवर उघडी पडून राहते का, आणि ती किती जणांना लागते.

डॉट-ईएनव्ही, म्हणजे प्रोजेक्टच्या सेटिंग्जची फाइल, सगळ्यात सोपी. फोल्डरमध्ये फाइल ठेवली, गिटइग्नोरमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने वगळायच्या फाइलींची यादी) नाव टाकलं, झालं. पण आतला मजकूर साधा असतो, त्यामुळे बॅकअपमध्ये आणि झिप करून पाठवलेल्या फोल्डरमध्येही तो जातो. चुकून कमिट झाली, म्हणजे गिटमध्ये नोंदली गेली, तर नंतर फाइल काढून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच. मग आधी की रद्द करायची, इतिहासाची साफसफाई नंतर. टेस्टिंगच्या, कमी अधिकाराच्या कीपुरतीच मी ही सोय वापरतो.

टर्मिनलवर 'एक्सपोर्ट' कमांडमध्ये की थेट टाइप करणं त्याहून वाईट. एकदा स्क्रीन शेअर करताना जुनी कमांड शोधायला मी अप-ॲरो दाबत गेलो आणि अख्खी की सहा जणांसमोर उघडी झाली. शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) टाइप केलेल्या ओळी हिस्टरीत लिहून ठेवतो, हे मला माहीत होतं. मीटिंग संपायच्या आत ती की बदलावी लागली. कमांडला आर्ग्युमेंट म्हणून दिलेली की तर सामायिक सर्व्हरवर 'पीएस' (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या दुसऱ्यालाही दिसू शकते.

मॅकवर एकटे काम करत असाल तर सरळ की-चेन, म्हणजे मॅकची स्वतःची पासवर्डची तिजोरी, घ्या. ती वापरायची 'सिक्युरिटी' ही कमांड मॅकमध्ये आधीपासूनच असते. की साठवताना 'डॅश डब्ल्यू' अगदी शेवटी लिहा आणि पुढे काही देऊ नका. कमांड स्वतः की विचारून घेते, हिस्टरीत काही उमटत नाही.

लिनक्सवर मला जेसन डोनेनफेल्ड यांचं 'पास' हे पासवर्ड मॅनेजर आवडतं. प्रत्येक नोंद जीपीजी या प्रोग्रामने एनक्रिप्ट केलेली (कुलूपबंद) वेगळी फाइल असते. फाइलींची नावं मात्र उघडी दिसतात, आणि जीपीजीची खाजगी किल्ली हरवली तर सगळंच गेलं. तिचा बॅकअप आजच घ्या.

पैसे मोजायची तयारी असेल तर वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरची 'ऑप रन' कमांड उत्तम. फाइलमध्ये कीऐवजी तिचा फक्त पत्ता राहतो आणि खरी की प्रोग्राम सुरू होतानाच त्याच्या हाती येते. ॲमेझॉनच्या क्लाउडमधलं एडब्ल्यूएस सीक्रेट्स मॅनेजर दर सीक्रेटमागे महिन्याला ०.४० डॉलर घेतं, म्हणजे तीस सीक्रेट्सचे १२ डॉलर, शिवाय कॉल्सचे (की मागवण्याचे) वेगळे. सर्व्हरसाठी ते पटतं, स्वतःच्या लॅपटॉपसाठी नाही.

चार-पाच जणांच्या टीमला मी सॉप्स (फाइलमधली सीक्रेट्स एनक्रिप्ट करणारं साधन) सुचवेन, सोबत एज (त्यासाठीच्या किल्ल्या देणारं साधन). यामल फाइलमधली (सेटिंग्जची साधी मजकूर-फाइल) नावं वाचता येतात, एनक्रिप्ट होतो तो फक्त नावापुढचा मजकूर, म्हणजे की. त्यामुळे काय बदललं ते डिफमध्ये (गिट दाखवतो तो जुन्या-नव्यातला फरक) लगेच कळतं. कुणी टीम सोडली तर त्याची पब्लिक की (ज्या किल्लीने त्याच्यासाठी फाइल एनक्रिप्ट होते ती) काढून फाइल पुन्हा एनक्रिप्ट करा, आणि आतल्या एपीआय कीही बदला. जुने कमिट त्याला अजूनही उघडता येतात.